नाकाचे माप आणि निवडीचा अधिकार

सौंदर्य निसर्गाने दिलेले असते की सत्तेने ठरविलेले, हा प्रश्न आपल्या चळवळीच्या विचारविश्वात बराचसा बाजूलाच राहिला आहे. साहित्याच्या सौंदर्यशास्त्रावर आपण पुष्कळ भांडलो. प्रस्थापित समीक्षेने आनंद हे मूल्य पुढे केले, तेव्हा आपण स्वातंत्र्य, समता आणि बंधुता ही मूल्ये पुढे केली, आणि तो वाद आपण जिंकलो असे मी मानतो. परंतु हाडामांसाच्या माणसाचे सौंदर्य, म्हणजे नाक, ओठ, कातडीचा रंग, अंगकाठी यांविषयी आपण बोलत नाही. बोलायला संकोच वाटतो. पोटाचा प्रश्न, अत्याचाराचा प्रश्न, आरक्षणाचा प्रश्न उभा असताना रूपाची काय चर्चा करायची, असे आपण म्हणतो आणि पुढे जातो. माझे म्हणणे असे की या संकोचालाही इतिहास आहे आणि तो तपासला पाहिजे.

निमित्त घडले एका विद्यार्थिनीच्या प्रकल्पाचे. आता पदव्युत्तर वर्गांना संशोधन प्रकल्प सक्तीचा झाला आहे. तालुक्याच्या महाविद्यालयांतून पुष्कळ मुले तो कुठून तरी उतरवून काढतात, हे उघड गुपित आहे. ही मुलगी मानसशास्त्राची. तिने विषय घेतला 'मानवाची उत्क्रांती आणि शारीरिक आकर्षण'. ऐतिहासिक पार्श्वभूमीचे प्रकरण लिहिता यावे म्हणून तिच्या शिक्षकांनी तिला माझ्याकडे पाठविले. तिची आई शेतमजूर, माझीही होती. माझ्या घरात पदवी घेणारा मी पहिला, तिच्या घरात ती पहिली. तेव्हा आमचे बोलणे मार्गदर्शक आणि विद्यार्थिनी या चौकटीत फार वेळ राहणे शक्यच नव्हते.

तिने इंग्रजी पुस्तकांतून घेतलेला सिद्धांत थोडक्यात असा. चेहऱ्याच्या दोन्ही बाजू सारख्या असणे, नितळ कातडी, दाट केस ही आरोग्याची चिन्हे होत. ज्यांनी असे जोडीदार निवडले त्यांची संतती टिकली. म्हणून हजारो पिढ्यांत अशा शरीराकडे ओढले जाणारे मन घडत गेले. डेव्हिड बस यांनी १९८९ मध्ये ३७ संस्कृतींतील दहा हजारांवर लोकांची उत्तरे गोळा करून पुरुषाला तरुण व देखणी स्त्री आणि स्त्रीला कमावता पुरुष हवा असतो, हे जगभरचे सत्य म्हणून मांडले. देवेंद्र सिंग या मूळच्या भारतीय संशोधकाने १९९३ मध्ये अमेरिकेत आकडाच काढला: स्त्रीच्या कमरेचा घेर नितंबांच्या घेराच्या सात दशांश असला, की ती पुरुषांना सर्वांत आकर्षक वाटते. हे वाचून आमच्या विद्यार्थिनीने इंटरनेटवरून चेहऱ्यांचे संच उतरवून घेतले आणि वसतिगृहातील मुलींना त्यांना एक ते दहा गुण द्यायला सांगितले. संचातील बहुतेक चेहरे गोरे, युरोपीय. आमच्या जिल्ह्यातला एकही नाही.

मुलींनी गुण दिले. मग तिने प्रश्नावलीत नसलेला एक प्रश्न आपल्या मनाने विचारला: यातल्या कुणी तुला मागणी घातली तर? मुली हसल्या आणि जवळजवळ सगळ्यांनी एकच सांगितले, "ते घरचे बघतील." माझ्याकडे आली तेव्हा तिने वही उघडण्याआधीच विचारले, "सर, निवड आमच्या हातातच नसेल तर हा सिद्धांत आम्हाला लागू कसा होतो?"

तिच्या प्रकल्पातील खरे संशोधन या एका प्रश्नात आहे असे मला वाटते. त्याचे उत्तर शोधायचे तर आधी हे पाहिले पाहिजे की रूपाचे माप घेणारे हात कुणाचे होते. आणि मग हे, की या देशात निवड कोण करीत आले.

अठराव्या शतकाच्या अखेरीस जर्मनीतील ग्योटिंगेन येथे योहान ब्लुमेनबाख हा शरीरशास्त्रज्ञ मानवी कवट्या जमवीत होता. १७९५ मध्ये त्याने मानवजातीचे पाच प्रकार सांगितले आणि युरोपीयांच्या प्रकाराला 'कॉकेशियन' असे नाव दिले. कारण काय? तर कॉकेशस पर्वताच्या बाजूचे, विशेषतः जॉर्जियातले लोक सर्वांत देखणे, आणि त्याच्या संग्रहातली सर्वांत सुंदर कवटी तिथल्याच एका स्त्रीची. गोऱ्या माणसासाठी आजही वापरला जाणारा हा शास्त्रीय वाटणारा शब्द असा एका विद्वानाच्या आवडीवर उभा आहे. ती स्त्री कोण होती? रशिया आणि तुर्कस्तान यांच्या युद्धात पकडलेली एक बंदी. तिला मॉस्कोला आणले, तिथे ती मेली, आणि तिची कवटी १७९३ मध्ये ब्लुमेनबाखला भेट म्हणून गेली. जगातील सर्वांत सुंदर कवटीची मालकीण म्हणजे एक पकडून आणलेली बाई, आणि तिचे नाव शास्त्राच्या ग्रंथात नाही. ब्लुमेनबाख स्वतः गुलामगिरीच्या विरुद्ध होता, मानवजात एकच आहे असे मानीत होता, काळ्या लेखकांची पुस्तके आवर्जून जमवीत होता; हे त्याच्या बाजूने नोंदविले पाहिजे. पण त्याचे मत मागे पडले आणि त्याने ठरविलेली सौंदर्याची उतरंड तेवढी शिल्लक राहिली.

पुढे काही वर्षांतच दक्षिण आफ्रिकेतील खोईखोई जमातीच्या सारा बार्टमनला १८१० मध्ये लंडनमध्ये तिकीट लावून दाखविण्यात आले. मग पॅरिसमध्ये. १८१५ च्या डिसेंबरात ती मेली तेव्हा क्युव्हिए या थोर शास्त्रज्ञाने तिचा देह चिरला. तिचे अवशेष पॅरिसच्या संग्रहालयात १९७४ पर्यंत मांडलेले होते. मायदेशी पोहोचायला २००२ साल उजाडले. एका बाईची कवटी सौंदर्यासाठी, दुसरीचा देह विद्रूपतेसाठी. नकार देण्याची सोय दोघींनाही नव्हती.

डार्विन यांच्यापेक्षा बराच बरा. 'डिसेंट ऑफ मॅन' या १८७१ च्या ग्रंथात त्याने देशोदेशींच्या सौंदर्यकल्पना गोळा केल्या आणि मानवी देहाच्या सौंदर्याचा सर्व जगाला लागू पडणारा एकच मानदंड नाही, असे स्पष्ट लिहिले. त्याच्या नावावर सिद्धांत उभारणारे हे वाक्य सहसा सांगत नाहीत. त्याचा आत्येमामे नात्यातला फ्रान्सिस गाल्टन मात्र वेगळ्या वळणाचा. खिशात कागदाचा तुकडा आणि टोचायची सुई घेऊन तो ब्रिटनच्या शहरांतून फिरे. रस्त्याने जाणारी मुलगी आकर्षक, सामान्य की किळसवाणी हे ठरवून तो कागदाला भोक पाडी. अशा भोकांवरून त्याने ब्रिटनचा सौंदर्य-नकाशा करायला घेतला. लंडन पहिले, ॲबरडीन शेवटचे! हे हसण्यावारी नेता आले असते. पण याच गृहस्थाने १८८३ मध्ये सुप्रजननशास्त्राला 'युजेनिक्स' हे नाव दिले, आणि त्या शास्त्राच्या नावाने पुढच्या शतकात काय घडले ते जर्मनीला विचारावे.

आता आपल्याकडे येऊ. आपल्याकडे मुलगी पाहून आलेली मंडळी सांगतात, 'नाकीडोळी नीटस आहे.' नाक आधी, डोळे मग. हर्बर्ट रिस्ले या इंग्रज अधिकाऱ्यानेही नाकच पकडले. १८८५ पासून बंगालमध्ये आणि मग इतरत्र त्याने माणसांची नाके मोजविली. नाकाची रुंदी गुणिले शंभर, भागिले उंची: हा झाला नासिकांक. सत्तरच्या खाली आला तर नाक सरळ, पंचाऐंशीच्या वर गेला तर चपटे. मग त्याने नियम सांगितला की हिंदुस्थानात जातीची सामाजिक प्रतिष्ठा नाकाच्या रुंदीच्या व्यस्त प्रमाणात असते. नाक जितके बारीक तितकी जात वरची. म्हणजे ब्राह्मण वर का? कारण तो आर्यवंशाचा. महार, चांभार, भंगी खाली का? कारण त्यांचे नाक तसे. अन्याय शिल्लकच राहिला नाही. उरले फक्त शरीरशास्त्र. १९०१ च्या खानेसुमारीचा आयुक्त हाच रिस्ले होता. त्याने प्रत्येक प्रांतात जातींची प्रतिष्ठेनुसार क्रमवारी लावली आणि गावोगावच्या जातसभा आपला क्रम वर चढविण्यासाठी सरकारदरबारी अर्ज घेऊन धावल्या.

सगळ्याच इंग्रजांना हे पटले होते असे नाही. नेसफील्डने १८८५ मध्येच लिहून ठेवले होते की काशीच्या संस्कृत महाविद्यालयातील विद्यार्थी आणि बाहेर रस्ता झाडणारे लोक यांच्याकडे पाहून परक्या माणसाला ते वेगळ्या वंशाचे आहेत असे स्वप्नातही वाटणार नाही. पण अधिकार रिस्लेच्या हातात होते.

रिस्लेच्या फूटपट्टीचा खरा पराभव बाबासाहेबांनी केला, आणि तो कसा केला हे आमच्या मुलांनी मुळातून वाचले पाहिजे. त्यांनी फूटपट्टी फेकून दिली नाही. ती हातात घेतली. डॉ. घुर्ये यांनी १९३२ च्या ग्रंथात शरीरमापनाचे आकडे पुन्हा तपासले होते. त्यांना संयुक्त प्रांतात रिस्लेचा नियम काहीसा खरा दिसला, पण इतर प्रांतांत तो टिकत नव्हता. शिवाय असे दिसत होते की संयुक्त प्रांतातील ब्राह्मण शरीराने आपल्याच प्रांतातील बहुतेक जातींपेक्षा पंजाबच्या चुहड्याला जवळचा आहे. बाबासाहेबांनी 'द अनटचेबल्स' या १९४८ च्या ग्रंथात हेच आकडे मांडून विचारले की, शरीरमापन हे शास्त्र असेल तर त्याचा निष्कर्ष स्वीकारा: ब्राह्मण आणि अस्पृश्य एकाच वंशाचे ठरतात. ब्राह्मण आर्य असतील तर अस्पृश्यही आर्य. ब्राह्मण द्रविड असतील तर अस्पृश्यही द्रविड. यात एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. आम्ही वेगळ्या वंशाचे, मूळचे, जिंकले गेलेले, असे सांगण्यात एक भावनिक बळ होते. जोतीरावांनी १८७३ च्या 'गुलामगिरी'त ते बळ आपल्याला दिले आणि त्या काळात ते आवश्यकही होते. बाबासाहेबांनी ते सोपे बळ नाकारले. कारण अस्पृश्यता वंशातून आलेली असेल तर ती निसर्गाकडे जाते. माणसांनी लादलेली असेल तरच ती माणसांना नष्ट करता येते.

येथे इरावती कर्वे यांचेही नाव घेतले पाहिजे. बर्लिनला ऑयगेन फिशर या वंशवादी शास्त्रज्ञाच्या हाताखाली त्यांनी कवट्या मोजल्या. गोऱ्यांच्या कवटीची ठेवण वेगळी आणि म्हणून बुद्धी श्रेष्ठ, असे गुरूला सिद्ध करून हवे होते. बाईंनी मोजले आणि तसा वंशभेद दिसत नाही असे लिहून मोकळ्या झाल्या. त्यांच्या जातिविषयक मांडणीशी माझे मतभेद आहेत; पण त्या वयात, त्या शहरात, त्या गुरूपुढे हे लिहायला धैर्य लागते.

आणि हे सारे ज्याने अडीच हजार वर्षांपूर्वी सांगितले त्याला विसरून कसे चालेल? सुत्तनिपातातील वासेट्ठ सुत्तात दोन ब्राह्मण तरुण भगवान बुद्धांकडे वाद घेऊन येतात: ब्राह्मण जन्माने होतो की कर्माने? बुद्ध गवतापासून सुरुवात करतात. गवत, झाडे, किडे, साप, मासे, पक्षी यांच्यात जातीजातींचे वेगळेपण शरीरावर दिसते. मग ते माणसाच्या शरीराकडे वळतात आणि केस, डोके, कान, डोळे, नाक, ओठ, भुवया असे एकेक अवयव घेत सांगतात की येथे तसे वेगळेपण नाही. माणसांतले भेद नुसते नावाचे. रिस्लेने जे नाक मोजले ते बुद्धांनी आधीच पाहून ठेवले होते. ही पद्धत मला शास्त्रीय वाटते: आधी पाहा, मग बोला.

माझ्या नोकरीच्या पहिल्या वर्षी एका सहकाऱ्याने, अगदी प्रेमाने, मला म्हटले होते, "सर, तुमच्याकडे पाहून वाटत नाही हो." काय वाटत नाही, हे त्यांनी सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. आपल्यातल्या शिकलेल्या बहुतेकांनी हे वाक्य ऐकले असेल. काळ्या ब्राह्मणावर आणि गोऱ्या शूद्रावर विश्वास ठेवू नये, अशा अर्थाच्या म्हणी उत्तरेत आहेत. या म्हणी द्वेषाच्या आहेत, पण त्यांत एक कबुली आहे: रंग आणि जात यांचा मेळ बसत नाही हे लोकांना नेहमीच दिसत होते. आता कातडीच्या रंगाचे कारण पुष्कळ स्पष्ट झाले आहे. नीना जाब्लोन्स्की यांनी २००० मध्ये दाखविले की, रंग हा सूर्याच्या अतिनील किरणांशी शरीराने केलेला हिशेब आहे. ऊन फार असेल तिथे गडद कातडी शरीरातील फोलेट वाचविते. ऊन कमी असेल तिथे फिकट कातडी ड जीवनसत्त्व तयार करू देते. रंगाचा संबंध अक्षांशाशी आहे, योग्यतेशी नाही. तरी १९७५ मध्ये बाजारात आलेल्या 'फेअर अँड लव्हली'ला आपल्या नावातला गोरेपणा काढायला २०२० साल लागले, आणि नाव बदलले तरी डबी तीच.

एक गैरसमज येथे दूर केला पाहिजे. उत्क्रांतीच्या सिद्धांताला माझा विरोध नाही. उलट, तो आपला मित्र आहे. सगळी माणसे आफ्रिकेतून निघाली, असे सांगणारा विचार मुखातून ब्राह्मण आणि पायातून शूद्र निघाला, या कथेची मुळे उखडतो. २०२३ मध्ये एनसीईआरटीने दहावीच्या विज्ञानातून उत्क्रांतीचा भाग वगळला तेव्हा सर्वांत मोठ्याने ओरडायला हवे होते ते आपण. माझा आक्षेप त्या सिद्धांताचे नाव लावून काढलेल्या घाईच्या निष्कर्षांना आहे. २०१० मध्ये हेन्रिक आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, मानसशास्त्राच्या अभ्यासांतील ९६ टक्के माणसे ज्या पाश्चात्य औद्योगिक देशांतली असतात तिथे जगाची जेमतेम १२ टक्के लोकसंख्या राहते. सात दशांशाच्या त्या कमरेचेही असेच झाले: १९९८ मध्ये पेरूच्या जंगलातील मात्सिगेंका पुरुषांना चित्रे दाखविली, तर बाहेरच्या जगापासून दूर राहिलेल्यांना रुंद कमरेची बाई निरोगी आणि देखणी वाटली.

पण आमच्या विद्यार्थिनीचा प्रश्न याच्याही पुढचा होता. सिद्धांतात जो निवड करणारा आहे तो मोकळा आहे. मोर नाचतो, लांडोर निवडते. आपल्याकडे निवडते कोण? डार्विनने त्याच ग्रंथाच्या शेवटी खंत केली आहे की माणूस घोडे, गुरे, कुत्री यांची जोडी जुळविताना वंशावळ बारकाईने पाहतो, पण स्वतःच्या लग्नात जवळजवळ कधीच पाहत नाही. त्या बिचाऱ्याला आपल्याकडची सोयरीक ठाऊक नव्हती!

पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात जातीची उत्पत्ती नेमकी येथेच शोधली. नाकात नाही, रंगात नाही, धंद्यातही नाही; तर लग्न आपल्याच गोटात कोंडण्यात. गट कोंडला की स्त्री-पुरुषांची संख्या जुळती ठेवावी लागते. नवरा मेलेली बाई 'जादा' होते, बायको मेलेला पुरुष 'जादा' होतो. मग जादा बाईसाठी सती किंवा सक्तीचे वैधव्य, आणि जादा पुरुषासाठी अजून लग्नाच्या वयात न आलेली पोर. ज्याला संस्कृती म्हणतात त्याचा हा हिशेब! शंभर वर्षांनी जनुकशास्त्र त्याच जागी आले. २०१३ च्या एका मोठ्या अभ्यासाने दाखविले की, सुमारे ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वीच्या काळात या देशातील लोकसमूह एकमेकांत भरपूर मिसळले. आडरानातल्या आदिवासींपर्यंत ही सरमिसळ पोहोचली. मग ती थांबली. कल्याणी येथील संस्थेच्या २०१६ च्या अभ्यासाने हे थांबणे सुमारे सत्तर पिढ्यांपूर्वीचे, म्हणजे गुप्तकाळाच्या आसपासचे ठरविले. बाबासाहेबांनी अस्पृश्यतेचा जन्म इसवी सन ४०० च्या सुमारास धरला होता. अंतर्विवाह आणि अस्पृश्यता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, तेव्हा एकाने दुसरे सिद्ध झाले असे मी म्हणणार नाही; पण इतिहासाच्या विद्यार्थ्याने या दोन तारखा शेजारी ठेवून पाहाव्यात एवढे नक्की.

सत्तर पिढ्या! २०११-१२ च्या देशव्यापी पाहणीतही आंतरजातीय लग्ने पाच टक्क्यांच्या आसपासच निघाली. म्हणजे शंभरातील पंचाण्णव जणांच्या बाबतीत आकर्षणाचा सिद्धांत कामाला लागण्याआधीच जातीने काम उरकलेले असते. आणि कुणी हे कुंपण न जुमानता नुसते बोलले तरी काय होते? तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील खर्डा येथे २०१४ च्या एप्रिलमध्ये सतरा वर्षांच्या दलित मुलाला वरच्या जातीच्या मुलीशी बोलतो या संशयावरून मारून टाकले. साक्षीदार फुटले आणि २०१७ मध्ये आरोपी सुटले. उत्क्रांतीच्या पुस्तकात याला कोणती निवड म्हणतात?

रूपावर ताबा ठेवणे हा जातिव्यवस्थेचा कायदाच होता. मनुस्मृतीचा तिसरा अध्याय द्विजाला कशी मुलगी करू नये ते सांगतो: पिंगट केसांची, लाल डोळ्यांची, बडबडी, नदीचे किंवा झाडाचे नाव असलेली. हंसासारखी चालणारी, बारीक दातांची करावी. आणि दहाव्या अध्यायात चांडाळांसाठी नियम आहे: वस्त्रे प्रेतावरची, दागिने लोखंडाचे. एकीकडे सौंदर्य कशाला म्हणावे ते ठरवायचे, दुसरीकडे काहींना ते कायद्याने वर्ज्य करायचे. म्हणून १९२७ च्या डिसेंबरात महाडला मनुस्मृती जाळल्यानंतर बाबासाहेब स्त्रियांशी लुगड्याविषयी आणि दागिन्यांविषयी बोलले, याचा अर्थ मला फार मोठा वाटतो. जातीची खूण ठरलेले जडशीळ दागिने टाका, लुगडे वरच्या जातींच्या स्त्रियांसारखे नेसा, असे त्यांनी सांगितले. तिथल्या तिथे बायकांनी नेसण्याची पद्धत बदलली अशी नोंद आहे. सत्याग्रहाच्या थोर इतिहासात हे दोन ओळींत आटोपले जाते. माझी आजी महाडला गेलेली नव्हती, पण तिच्या मनगटापासून कोपरापर्यंत चढविलेले ते दागिने कधी आणि का उतरले, हे ती साल-तारखेशिवाय सांगू शकत असे.

हे सर्व मी विद्यार्थिनीला सांगितले. तिने त्यातले किती प्रकरणात घेतले हा तिचा प्रश्न. जाताना तिने मला एक कागद दाखविला. आमच्याच समाजाच्या वधू-वर मेळाव्याचा छापील अर्ज. वर बुद्धांचे आणि बाबासाहेबांचे चित्र. खाली रकाने: नाव, शिक्षण, उंची, वर्ण, पोटजात. 'वर्ण' या रकान्यात कुणीही 'सावळा' असे लिहीत नाही, 'निमगोरा' लिहितात, हे तिने तीन वर्षांचे अर्ज चाळून पाहिले होते. बुद्ध धम्मात आल्यावरही आपण सून गोरी शोधतो आणि सोयरीक पोटजातीतच करतो. याला रिस्ले जबाबदार नाही. मी संयोजकांना पत्र लिहिले की 'वर्ण' आणि 'पोटजात' हे दोन रकाने काढावेत. ते भले लोक आहेत, जयंतीला वर्गणी काढतात, मुलांना वह्या वाटतात. त्यांनी उत्तर पाठविले की सूचना विचारार्थ ठेवली आहे. यंदाच्या अर्जात 'पोटजात' हा शब्द गेला आहे. त्या जागी 'मूळ जात (ऐच्छिक)' असे छापले आहे. 'वर्ण' तसाच आहे.